डोळ्यात बसवायची लेन्स: जास्त मायनस नंबर असलेल्यांसाठी आयसीएलची वाट, टप्प्याटप्प्याने

मायनस आठ, मायनस दहा असा नंबर घेऊन लॅसिकच्या, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या, तपासणीला गेलेल्यांपैकी अनेकांना एकच उत्तर मिळतं: 'तुमचा कॉर्निया (डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक थर) पुरणार नाही.' मग डॉक्टर आयसीएलचं, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचं, नाव काढतात, हातात एक रंगीत पत्रक येतं आणि घरी आल्यावर डोळ्यात वस्तू बसवायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. ही भीती साहजिक आहे, फक्त ती चुकीच्या जागी असते. शस्त्रक्रिया एका डोळ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटांची. तिचा निकाल बऱ्याच अंशी त्याआधीच्या तपासणीत ठरतो, मिलिमीटर आणि मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबात. म्हणून या लेखात तपासणीवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी समजून घ्या: नेमकं काय करतात

बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा म्हणजे आयरिस. त्याच्या मागे आपली नैसर्गिक लेन्स असते. आयसीएल या दोघांच्या मधल्या जागेत बसते. नैसर्गिक लेन्सला हात लावत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ती काढून टाकतात, इथे ती जशीच्या तशी राहते, त्यामुळे जवळचं आणि दूरचं आलटून पालटून बघण्याची तरुण डोळ्याची क्षमताही टिकते.

लॅसिक का नाही, याचं उत्तर साध्या वजाबाकीत आहे. लॅसिकमध्ये लेझरने कॉर्निया कोरून पातळ करतात. 6.5 मिलिमीटरच्या भागावर काम करायचं तर प्रत्येक डायॉप्टरला, म्हणजे चष्म्याच्या एका नंबराला, साधारण 14 मायक्रॉन जाडी जाते. समजा कॉर्निया 510 मायक्रॉनचा आहे आणि नंबर मायनस 9. कोरण्याआधी उघडतात ती वरची पातळ झडप 110 मायक्रॉनची, कोरलेला भाग सुमारे 127. खाली उरले 273. बहुतेक सर्जन आज किमान 300 तरी उरावेत असं बघतात, कारण त्याखाली कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो. आयसीएलमध्ये कॉर्निया कोरायचाच नसतो. जाडी कमी असलेल्यांना, टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या नकाशात) शंका आलेल्यांना आणि डोळे कोरडे राहणाऱ्यांना म्हणूनच ती सुचवली जाते.

ही कल्पना नवी नाही. इटलीत स्ट्राम्पेली यांनी 1953 मध्येच मायनस नंबरसाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे कॉर्निया आणि आयरिसच्या मधल्या जागेत, लेन्स बसवून पाहिली होती. त्या काळच्या लेन्समुळे कॉर्नियाचं नुकसान होऊ लागलं आणि तो मार्ग बराच काळ मागे पडला. 1986 मध्ये रशियात फ्योदोरोव्ह यांनी आयरिसच्या मागची जागा निवडली आणि आजची आयसीएल त्याच वाटेने आली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) व्हिजियन आयसीएलला 2005 मध्ये आणि मध्यभागी छिद्र असलेल्या इव्हो आयसीएलला 2022 मध्ये मान्यता दिली. युरोपात छिद्राची लेन्स त्याच्या बरीच आधी वापरात आली होती.

हे छिद्र जेमतेम 0.36 मिलिमीटरचं आहे, पण त्याने बरंच काही बदललं. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी नैसर्गिक लेन्सच्या पुढून बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतं. बिनछिद्राची लेन्स ती वाट अडवू शकत होती, म्हणून आधी लेझरने आयरिसलाच छोटी भोकं पाडून ठेवावी लागत. आता पाणी लेन्सच्या मधूनच वाहतं आणि ती पायरी बहुतेकांची टळते. तुम्हाला अजूनही आधी लेझर करायला सांगितलं, तर कोणत्या मॉडेलची लेन्स बसवणार आहात, हे स्पष्ट विचारा.

आयसीएलचं साहित्य कोलामर. ते मऊ असतं, घडी घालता येते, अतिनील किरण अडवतं. त्यात डुकरापासून मिळवलेलं कोलॅजन थोड्या प्रमाणात असतं. ज्यांना प्राणिजन्य पदार्थ चालत नाहीत त्यांनी हे आधी जाणून घ्यावं, कारण समुपदेशनात ते कुणी आपणहून सांगेलच असं नाही. पर्याय आहेत: आयरिसच्या मागेच बसणाऱ्या अॅक्रिलिकच्या लेन्स, किंवा आयरिसला चिमट्यासारखी अडकवायची आर्टिसन लेन्स. आर्टिसनला एफडीएची मान्यता 2004 मध्येच मिळाली, पण ती कडक असल्याने छेद मोठा लागतो आणि टाके घालावे लागतात.

पहिला टप्पा: आपण या गटात बसतो का

एफडीएच्या मान्यतेत वय 21 ते 45 आणि नंबर मायनस 3 ते मायनस 20 असा आहे. त्यातही मायनस 15 पर्यंत नंबर पूर्ण घालवणं आणि त्यापुढे तो कमी करणं, असा फरक केला आहे. सिलिंडर नंबर (डोळ्याच्या एका ठरावीक दिशेतला नंबर) असेल तर तोही दुरुस्त करणारी टोरिक लेन्स मिळते. इतर देशांत या मर्यादा थोड्या वेगळ्या असू शकतात.

नंबर स्थिर हवा. वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर थांबा. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या शोधून ठेवा. 'नंबर स्थिर आहे' हे तोंडी सांगण्यापेक्षा दोन वर्षांच्या दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवणं केव्हाही बरं. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर सध्या नको. काचबिंदू, डोळ्यात वारंवार सूज येण्याचा इतिहास, सुरू झालेला मोतीबिंदू, कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी असणं, पुढचा कप्पा उथळ असणं, यातलं काही असेल तर साधारणपणे नकार मिळतो. नकार मिळाला तर दुसरं मत जरूर घ्या, पण 'हो' म्हणणारा सापडेपर्यंत डॉक्टर बदलत राहू नका.

दुसरा टप्पा: मोजमापांचा दिवस

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी बंद कराव्या लागतात. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त, सहसा तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि त्या अवस्थेत घेतलेलं माप फसवं निघतं. दोन आठवडे जाड चष्मा लावून फिरायचा कंटाळा येतो, पण इथे सवलत मागू नका.

तपासणीला बराच वेळ जातो. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका.

चष्म्याचा नंबर दोनदा काढतात, थेंबांआधी आणि थेंबांनंतर. कारण डोळा नकळत जोर लावून मायनस नंबर खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. पुढे लेन्सची पॉवर कागदावर दिसली की ती चष्म्याच्या नंबराशी जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असतो. तिथला मायनस 10 कॉर्नियावर आला की जवळपास मायनस 8.9 होतो आणि डोळ्याच्या आत गेल्यावर हिशेब पुन्हा बदलतो. आकडा वेगळा असणं ही चूक नाही.

टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाचा नकाशा. त्यात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, चिन्हं शोधतात. पुढच्या कप्प्याची खोली हा त्यानंतरचा महत्त्वाचा आकडा. कॉर्नियाच्या आतल्या पृष्ठभागापासून नैसर्गिक लेन्सपर्यंत किमान 3 मिलिमीटर अंतर एफडीएच्या निकषात हवं, काही ठिकाणी 2.8 पर्यंत चालवून घेतात. त्याहून कमी असेल तर लेन्सला जागाच नाही. आतल्या पेशींची मोजणी स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने होते. या पेशी कॉर्नियातलं पाणी उपसून तो पारदर्शक ठेवतात आणि एकदा गेल्या की परत तयार होत नाहीत. तरुणपणी त्या प्रति चौरस मिलिमीटर 2500 ते 3000 च्या आसपास असतात आणि वयानुसार दरवर्षी साधारण 0.6 टक्क्यांनी आपोआप कमी होतात. शस्त्रक्रियेने ही घट थोडी वाढते. तुमचा आजचा आकडा लिहून घ्या. पुढची सगळी तुलना याच आकड्याशी होणार आहे.

आता सगळ्यात कळीचं माप, लेन्सचा आकार. पॉवर चुकली तर थोडा नंबर उरतो, आकार चुकला तर लेन्स बदलावी लागू शकते. आयसीएल 12.1, 12.6, 13.2 आणि 13.7 मिलिमीटर अशा चारच मापांत येते आणि डोळे काही चार मापांचे नसतात. कॉर्नियाचा आडवा व्यास, त्याशिवाय अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटीवर (प्रकाशाने घेतलेल्या स्कॅनवर) आयरिसच्या मागच्या खोबणीची रुंदी बघून सर्जन त्यातलं एक माप निवडतो.

आकार बरोबर निघाला की नाही हे कळतं व्हॉल्टवरून. आयसीएलची मागची बाजू आणि नैसर्गिक लेन्सची पुढची बाजू यांच्यातली फट म्हणजे व्हॉल्ट. साधारण 250 ते 750 मायक्रॉन चांगला मानतात. लेन्स मोठी पडली तर ती कमानीसारखी वर उचलली जाते, आयरिसला पुढे ढकलते, पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद होतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. लहान पडली तर ती नैसर्गिक लेन्सला टेकण्याइतकी जवळ जाते आणि मोतीबिंदूची शक्यता वाढते. टोरिक असेल तर सैल लेन्स फिरतेही. तपासणीच्या खोलीत स्लिट लॅम्पच्या उजेडाची अरुंद फीत डोळ्यावर पडते, तेव्हा डॉक्टरला कॉर्नियाची जाडी आणि ही काळी फट एकाच वेळी दिसते. कॉर्निया साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, फट त्याच्या निम्मी ते दीडपट असेल तर ठीक, असा नजरेचा अंदाज अनुभवी नेत्रतज्ज्ञ क्षणात बांधतात. तुम्ही मात्र ओसीटीवरचा आकडाच मागा.

शेवटी पडद्याची, म्हणजे रेटिनाची तपासणी. ही टाळून पुढे जाणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करू नका. जास्त मायनस नंबरचा डोळा लांबीला मोठा असतो. सामान्य डोळा 24 मिलिमीटरच्या जवळपास, हा 26 किंवा त्याहून अधिक. त्या लांबीबरोबर आतला पडदा ताणला जातो, कडेला पातळ होतो, कधी बारीक छिद्रं पडतात. तशी छिद्रं सापडली तर गरजेनुसार आधी लेझरने त्यांच्याभोवती बांध घालतात आणि मग काही आठवड्यांनी आयसीएल.

तिसरा टप्पा: होकार देण्याआधी

वाचनाचा चष्मा लागणारच आहे. चाळिशीच्या पुढे नैसर्गिक लेन्स ताठ होते, आयसीएल ते थांबवत नाही. मायनस नंबरवाल्यांना एक सोय असते, चष्मा काढला की बारीक अक्षर जवळ धरून वाचता येतं. नंबर गेला की ती सोयही जाते. तुम्ही 42-43 वर्षांचे असाल तर दूरचा चष्मा देऊन जवळचा घेण्यासारखा हा व्यवहार आहे. तिशीच्या आतल्यांना दहा-पंधरा वर्षं दोन्ही अंतरं बिनचष्म्याची मिळतात. वयाचा हा फरक मला नंबरापेक्षाही मोठा वाटतो.

रात्रीचे दिवेही विचारात घ्या. बहुतेकांना सुरुवातीला दिव्यांभोवती वलयं दिसतात. मधल्या छिद्राच्या कडेवरून परावर्तन होऊन कधी एक बारीक गोल कडं दिसतं. काही महिन्यांत मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण अंधारात बाहुली फार मोठी होणाऱ्यांना त्रास जास्त काळ राहू शकतो. रात्री गाडी चालवणं हाच पोटापाण्याचा उद्योग असेल तर अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजून घ्या आणि लेन्सचा नजरेला उपयोगी मधला भाग केवढा आहे, हे विचारा.

लेन्स काढता येते, हे खरं आहे. पण 'काढता येते' याचा अर्थ 'काहीच झालं नव्हतं असं होतं' असा घेऊ नका. काढणं हीसुद्धा डोळ्याच्या आतली शस्त्रक्रियाच.

चौथा टप्पा: शस्त्रक्रियेचा दिवस

काही ठिकाणी दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात, काही ठिकाणी मध्ये काही दिवस ठेवतात. संसर्गाची शक्यता फार कमी असली तरी दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी तो जाऊ नये, हा दुसऱ्या पद्धतीमागचा विचार. डॉक्टरांची बाजू ऐकून ठरवा.

चेहरा स्वच्छ धुऊन, डोळ्यांना काजळ, क्रीम, काहीही न लावता जा. सोबत कुणीतरी हवंच. टोरिक लेन्स असेल तर आडवं करण्याआधी, तुम्ही ताठ बसलेले असतानाच, डोळ्याच्या पांढऱ्या कडेवर शाईने खुणा करतात. आडवं झाल्यावर डोळा थोडा गोल फिरतो आणि सिलिंडरचा अक्ष हलतो, म्हणून ही खबरदारी. अक्ष एक अंश चुकला तर सिलिंडरची जवळपास 3.3 टक्के दुरुस्ती वाया जाते. दहा अंशांत तिसरा हिस्सा गेला, तीस अंशांत सगळीच. खुणा करताना मान तिरकी करू नका, हनुवटी नीट टेकवा, दूरवर सरळ बघा. त्या दिवशी तुमच्या हातात असलेलं हे एकच महत्त्वाचं काम.

त्यानंतर भूल म्हणजे बहुधा फक्त थेंब. डोळ्याभोवतीची जागा आयोडीनच्या द्रावणाने पुसतात, चेहऱ्यावर कापड येतं, पापण्या उघड्या ठेवायला तारेचा छोटा चाप लावतात. पापणी मिटली तर काय, ही काळजी तिथेच संपते. वरून सूक्ष्मदर्शकाचा प्रखर उजेड. अवजारं तीक्ष्ण रूपात दिसत नाहीत, फक्त सावल्या आणि रंग हलतात. गार पाणी आणि मधूनच दाब जाणवतो.

तिकडे सर्जन कॉर्नियाच्या कडेला साधारण 3 मिलिमीटरचा छेद घेतो, जागा मोकळी राहावी म्हणून दाट पारदर्शक जेल भरतो आणि गुंडाळलेली लेन्स एका नळीतून आत सोडतो. ती सावकाश उलगडते. सरळ की उलटी हे तिच्या कोपऱ्यावरच्या बारीक खुणांवरून बघतात. मग चारही कोपरे एक एक करून आयरिसखाली सरकवतात, जेल धुऊन काढतात. छेद आपोआप मिटतो, टाका सहसा लागत नाही. घाबरल्यासारखं वाटलं तर बोला, पण डोकं हलवू नका.

पाचवा टप्पा: पहिला दिवस आणि पहिला महिना

लगेच घरी पाठवत नाहीत. दोन-तीन तासांनी डोळ्याचा दाब मोजतात, कारण थोडं जेल आत राहिलं तर पहिल्या चोवीस तासांत दाब चढू शकतो. घरी गेल्यावर डोळा जोरात दुखू लागला, कपाळ ठणकलं, मळमळ किंवा उलटी झाली, नजर एकदम धूसर झाली, तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. वेदनाशामक घेऊन सकाळपर्यंत काढणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. निघण्यापूर्वी रात्री लागणारा फोन नंबर घेऊन ठेवा.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांना लांबचं स्वच्छ दिसायला लागतं. जाड मायनस काच सगळं लहान करून दाखवते. ती गेल्यावर वस्तू थोड्या मोठ्या वाटतात, पायऱ्यांचा अंदाज दोन-चार दिवस चुकू शकतो. त्याची धास्ती नको.

थेंब वेळेवर घाला. अँटिबायोटिक काही दिवस, स्टेरॉइड कमी करत करत काही आठवडे. स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींचा दाब दोन-तीन आठवड्यांनी वाढतो आणि जास्त मायनस नंबरवाल्यांत हे अधिक दिसतं. वाढलेला दाब दुखेलच असं नाही, म्हणून 'मला तर छान दिसतंय' म्हणत मधली भेट चुकवू नका. डोळा चोळायचा नाही. आठवडाभर तरी डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री ढाल लावून झोपायचं. पोहणं आणि डोळ्यांचा मेकअप काही आठवडे बंद. संगणकावरचं काम काही दिवसांत सुरू करता येतं. वजन उचलणं आणि मार लागू शकणारे खेळ डॉक्टर सांगतील तेव्हाच.

पुढची वर्षं

थोडा नंबर उरला तर चष्मा किंवा कॉर्नियावर हलकं लेझर, असे उपाय आहेत. फिरलेली टोरिक लेन्स पुन्हा जागेवर आणता येते. वय वाढतं तशी नैसर्गिक लेन्स जाड होते आणि व्हॉल्ट हळूहळू कमी होतो, म्हणून वर्षातून एकदा व्हॉल्ट, दाब आणि पेशींची मोजणी करून घ्यावी.

त्याच भेटीत बाहुली मोठी करून रेटिनाही बघायला सांगा. चष्मा गेला की माणूस स्वतःला मायनस नंबरवाला समजणं सोडून देतो, पण डोळ्याची लांबी तेवढीच राहते आणि पडद्याचा धोकाही तेवढाच. अचानक विजेसारखी चमक, काळ्या ठिपक्यांचा थवा, किंवा कडेने पडदा सरकल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लेन्ससोबत मिळणारं कार्ड आणि शस्त्रक्रियेआधीचे सगळे अहवाल फोनमध्ये फोटो काढून ठेवा: पॉवर, माप, टोरिकचा अक्ष, पेशींचा आकडा, डोळ्याची लांबी. उतारवयात मोतीबिंदू आला की आयसीएल काढून नेहमीची शस्त्रक्रिया करता येते. त्या वेळी मोजमाप घेणाऱ्याला डोळ्यात आयसीएल असल्याचं सुरुवातीलाच सांगा, कारण यंत्र कधी आयसीएललाच नैसर्गिक लेन्सची पुढची बाजू धरून अंतर मोजतं.